पडदा सर्वांत शेवटी: ग्रामीण दवाखान्यात दूरस्थ मानसोपचार सुरू करताना

खेड्यातल्या दवाखान्यात व्हिडिओ कॉलवरून मानसोपचार आणायचा म्हटलं की पहिली चर्चा सुरू होते ती स्क्रीनची. किती मोठी घ्यावी, कॅमेरा कुठला, इंटरनेट कुणाचं. खरं तर यात नवं काही नाही. अमेरिकेत नेब्रास्का सायकिअॅट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये सेसिल विटसन यांच्या गटाने १९५९ मध्येच दुतर्फा टीव्ही यंत्रणा वापरायला सुरुवात केली होती. १९६४ मध्ये ती संस्था सुमारे १८० किलोमीटरवरच्या नॉरफोक इथल्या सरकारी मनोरुग्णालयाशी जोडली गेली. म्हणजे हे तंत्र साठ वर्षांहून जुनं आहे. मग इतक्या ठिकाणी ही सेवा थाटात सुरू होऊन वर्षभरात बंद का पडते?

मी पाहिलेल्या बंद पडलेल्या सेवांमध्ये यंत्रामुळे बंद पडलेली एकही नव्हती. दर ठिकाणी पडद्याच्या अलीकडे माणूस नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातले दोन-तीन तास पडद्यावर असतात, उरलेला सगळा आठवडा रुग्ण तुमच्या दवाखान्याच्या हवाली असतो. गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी मळमळायला लागतं तेव्हा, घरचे म्हणतात ‘आता बरा आहेस, बंद कर’ तेव्हा, आणि रात्री जगणं नकोसं होतं तेव्हाही. म्हणून या लेखातला क्रम मी मुद्दाम असा ठेवलाय: आधी तज्ज्ञाच्या वेळेचा हिशेब, मग माणूस, मग करार, मग संकटाची तयारी, आणि खोली-कॅमेरा त्यानंतर.

तज्ज्ञाचे तास कसे वापरायचे

समजा, तुम्हाला आठवड्याला तीन तास मिळाले. नव्या रुग्णाला नीट समजून घ्यायला पाऊण ते एक तास लागतो, फेरतपासणीला १५ ते २० मिनिटं. म्हणजे तीन तासांत एक नवा रुग्ण आणि सहा जुने. दोन-तीन महिन्यांत सगळ्या वेळा जुन्या रुग्णांनी भरून जातात आणि नव्याला दोन-दोन महिने थांबावं लागतं. फक्त थेट तपासणीवर उभी केलेली सेवा इथेच तुंबते.

दुसरी वाट आहे ती सहयोगी उपचारांची. वॉशिंग्टन विद्यापीठात वेन कॅटन आणि युर्गेन उन्युत्झर यांनी ती घडवली. यात रुग्ण दवाखान्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच राहतो, एक समन्वयक त्याचा पाठपुरावा करते आणि मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा समन्वयकाबरोबर बसून नोंदवहीतल्या रुग्णांवर चर्चा करतात. ज्याची प्रगती अडली आहे त्याच्यावर जास्त वेळ, बरं चाललंय त्याच्यावर दोन मिनिटं. एका तासात आठ-दहा रुग्ण सहज होतात. या पद्धतीची मोठी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं नाव इम्पॅक्ट. ६० वर्षांवरचे १,८०१ नैराश्यग्रस्त रुग्ण आणि १८ दवाखाने त्यात होते. वर्षभरानंतर ज्यांची लक्षणं निम्म्याने किंवा जास्त कमी झाली असे रुग्ण या पद्धतीत ४५ टक्के होते, नेहमीच्या उपचारांत १९ टक्के.

माझा अनुभव सांगतो की सुरुवात मिश्र करावी: तीनपैकी एक तास नोंदवहीवर चर्चेसाठी राखून ठेवायचा आणि दोन तास थेट तपासणीला द्यायचे. रुग्ण वाढले की चर्चेचा तास कापायचा मोह होतो. तो कापू नका, कारण त्याच तासात तुमचे डॉक्टर आणि नर्स शिकत असतात. वर्षभरात साधं नैराश्य आणि चिंताविकार ते स्वतः आत्मविश्वासाने सांभाळू लागतात आणि तज्ज्ञांचा वेळ अवघड रुग्णांसाठी मोकळा होतो.

अलीकडचा माणूस

समन्वयक हा या सेवेचा कणा आहे. ती नर्स असेल, समाजकार्यकर्ती असेल, प्रशिक्षण घेतलेली आरोग्य कार्यकर्ती असेल, पदवी दुय्यम. मी निवड करताना दोन गोष्टी पाहतो. तिला समोरच्याचं रडणं सहन होतं का, की लगेच ‘रडू नका हो’ म्हणून गप्प करते? आणि तिच्या तोंडून कधी कुणाची गोष्ट बाहेर गेलेली ऐकली आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर कितीही हुशार असली तरी नको.

तिच्यासाठी वेळ लेखी राखून द्या. ‘इतर कामं सांभाळून हेही बघा’ असं म्हटलं की लसीकरणाच्या दिवशी मानसोपचार मागे पडणार हे ठरलेलं. ३०-४० रुग्ण चालू उपचारात आले की अर्धवेळ माणूस पुरत नाही. पैसे मोजके असतील तर आधी तिचा पगार आणि उरलेल्यातून कॅमेरा.

तिचं हत्यार म्हणजे नोंदवही. कागदी असो वा संगणकावरची, एका रुग्णाला एक ओळ. पहिली भेट कधी, लक्षणांच्या प्रश्नावलीत पहिले गुण किती, आताचे गुण किती, औषध आणि मात्रा, पुढची तारीख, शेवटचा संपर्क, जोखमीची खूण. दर सोमवारी सकाळी ती वही उघडायची आणि ज्यांची तारीख उलटून गेली त्यांना फोन करायचे. मानसोपचारात न आलेला रुग्ण बरा झाला म्हणून आला नाही असं गृहीत धरता येत नाही. बरेचदा तो वाईट अवस्थेत आहे म्हणूनच घराबाहेर पडलेला नसतो.

प्रशिक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा एमएच-गॅप कार्यक्रम चांगला आधार आहे. २००८ मध्ये तो सुरू झाला, २०१० मध्ये त्याची मार्गदर्शिका आली आणि २०१६ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-नर्ससाठीच ती लिहिली आहे: हे विचारा, असं असेल तर हे करा, तसं असेल तर पुढे पाठवा. ती तज्ज्ञांसोबत बसून धड्याधड्याने वाचा. नुसती कपाटात ठेवली तर ती तिथेच राहते.

करारात काय हवं

पहिली अट, दर वेळी तोच तज्ज्ञ. या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरा, असं चाललं तर रुग्णाला आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि तिसऱ्या वेळी तो येतच नाही.

कायदेशीर बाजू देशागणिक आणि कुठे कुठे राज्यागणिक वेगळी आहे, तिची खात्री स्थानिक वैद्यकीय परिषदेकडून लेखी करून घ्या. विचारायचे प्रश्न मात्र सगळीकडे तेच आहेत. रुग्ण ज्या भागात बसलाय तिथे प्रॅक्टिस करायची नोंदणी डॉक्टरांकडे हवी का? दूरवरून कोणती औषधं लिहिता येतात आणि कोणती नाही, विशेषतः झोपेच्या आणि सवय लागणाऱ्या गोळ्या? संमती लेखी की तोंडी? नोंदी कुणाच्या ताब्यात आणि किती वर्षं?

त्याशिवाय रोजच्या कामाचं: चिठ्ठी कोण लिहिणार, तज्ज्ञ की तुमचे डॉक्टर? मधल्या दिवसांत प्रश्न आला तर किती तासांत उत्तर मिळेल? तज्ज्ञ रजेवर असतील तेव्हा कुणाला फोन करायचा? ही शेवटची ओळ बहुतेक करारांत नसते आणि नेमकी सणासुदीच्या सुट्टीत तिची गरज पडते.

जमलं तर सेवा सुरू होण्यापूर्वी तज्ज्ञांना एकदा प्रत्यक्ष बोलवा. दवाखाना पाहू द्या, औषधांचं कपाट पाहू द्या, जवळचं मोठं रुग्णालय किती लांब आणि रस्ता कसा आहे ते अनुभवू द्या. नंतर पडद्यावरून ते जे सल्ले देतील ते त्या रस्त्याची कल्पना असलेल्या माणसाचे असतील.

पहिल्या रुग्णाआधी संकटाची तालीम

हा भाग लेखात मध्यावर आला असला तरी कामात तो कॅमेऱ्याच्या आधी पूर्ण झालेला हवा. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा: रुग्णवाहिकेचा नंबर, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा नंबर, तज्ज्ञांचा आणि त्यांच्या बदली डॉक्टरांचा नंबर, रात्री चावी कुणाकडे. मग दोनदा खोटी तालीम करा. एकीने रुग्ण व्हायचं, मधेच कॉल तोडायचा आणि बघायचं की पुढच्या दोन मिनिटांत काय होतं.

आत्महत्येबद्दल विचारायची भीती सगळ्यांनाच वाटते. विचारलं तर त्याच्या डोक्यात भरेल, असं वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं याचं बऱ्याच जणांना हायसं वाटतं. शब्दही आडवळणाचे नकोत. ‘जगणं नकोसं वाटतं का?’ इथून सुरू करा. मग ‘स्वतःला संपवावं असा विचार येतो का?’, ‘कसं करायचं हे मनात ठरलंय का?’, ‘ती वस्तू घरात आहे का?’, ‘याआधी कधी प्रयत्न केला होता का?’ एक-एक पायरी उतरत जा. मार्ग ठरलेला, साधन हाताशी आणि इरादा पक्का असेल तर त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. समन्वयक खोलीतच बसणार, तज्ज्ञ कॉलवरच राहणार, आणि बाहेरचा तिसरा माणूस भिंतीवरच्या नंबरला फोन लावणार. म्हणूनच दूरस्थ तपासणीच्या दिवशी दवाखान्यात किमान दोन कर्मचारी हवेत.

धोका त्याहून कमी असेल तर रुग्णासोबत बसून सुरक्षा योजना लिहा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली ही पद्धत एका पानात मावते. वादळ येण्याआधीच्या माझ्या खुणा कोणत्या, तेव्हा मी स्वतः काय करू शकतो, कुणाच्या सोबतीत मन दुसरीकडे वळतं, मदत कुणाकडे मागू, कुठल्या डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करू, आणि घरातली घातक साधनं दूर कशी ठेवू. रुग्णाच्या शब्दांत, त्याच्या हस्ताक्षरात. लिहिता येत नसेल तर समन्वयकाने त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे.

शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. शेतीप्रधान भागात हातातलं साधन बहुधा कीटकनाशक असतं. श्रीलंकेने १९९५ आणि १९९८ मध्ये अतिविषारी कीटकनाशकांवर निर्बंध आणले आणि २००५ पर्यंत तिथला आत्महत्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला. विचार येतो आणि जातो, तो आलेला असताना हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. म्हणून घरच्यांना नुसतं ‘लक्ष ठेवा’ सांगून भागत नाही. डबा कुठे आहे, आज संध्याकाळी तो कुणाच्या घरी हलवणार आणि कोण हलवणार, हे ठरेपर्यंत त्यांना जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी फोन करून हलवला का ते विचारा.

काही गोष्टी पडद्यावरून सांभाळायच्या नसतात, त्या लगेच पुढे पाठवायच्या. अचानक भान हरपलेला, तारीख-जागा न ओळखणारा माणूस, विशेषतः ताप असेल तर. दारू थांबवल्यानंतर थरथर, फिट किंवा भास सुरू झालेला माणूस. खाणं-पिणं बंद करून पुतळ्यासारखा झालेला. गोळ्या किंवा विष घेतलेला, मग तो शुद्धीवर असून हसून बोलत असला तरीही.

खोली

रुग्ण येण्याच्या वेळेला दार बंद करून आत एकाला नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर जाऊन बसा. मी एका ठिकाणी असा बसलो होतो. दार जाड होतं, काही ऐकू येत नव्हतं. आणि मग छताजवळच्या झरोक्यातून स्पीकरमधला आवाज स्पष्ट खाली उतरला: ‘मारहाण केव्हापासून होते?’ बाकावर तेव्हा चाचणीसाठी मी एकटाच होतो. आठवड्याभराने तिथे सात-आठ माणसं असती. आम्ही झरोका बंद केला, बाक दुसऱ्या भिंतीला हलवला आणि बाहेर पंखा लावला, त्याच्या घरघरीत उरलासुरला आवाज बुडाला. हेडफोन हा सोपा उपाय वाटतो, पण ज्याला कानात आवाज ऐकू येतात त्याच्या कानात आणखी एक आवाज घालण्याआधी त्याला विचारावं लागतं.

उजेड रुग्णाच्या समोरून पडायला हवा. खिडकीकडे पाठ करून बसवलं तर चेहरा काळी सावली होतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि तज्ज्ञांची खिडकी पडद्यावर कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवा, म्हणजे दोघं एकमेकांकडे पाहतायत असं वाटतं. आणि रुग्णाच्या पडद्यावरची त्याची स्वतःची प्रतिमा बंद करा. एक बाई पहिली दहा मिनिटं एक शब्द बोलत नव्हत्या. तज्ज्ञांना वाटलं बोलणंच मंदावलंय, नैराश्य खोल आहे. नर्सच्या लक्षात आलं की त्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे एकटक बघतायत. तिने ती चौकट बंद केली, आणि बाईंनी पदर सारखा करून बोलायला सुरुवात केली.

खुर्ची भिंतीपासून पुढे आणि मधे टेबल नसलेली ठेवा, म्हणजे कॅमेरा थोडा मागे नेला की माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. याचं कारण मी एका तरुणाकडून शिकलो. भास होत होते म्हणून त्याला औषध सुरू केलेलं. तीन आठवड्यांनी पडद्यावर तो शांत दिसत होता, फक्त म्हणत होता ‘आतून तगमग होते’. तज्ज्ञ मात्रा वाढवायच्या बेतात होते. तेवढ्यात समन्वयक म्हणाली, ‘डॉक्टर, एकदा पाय बघा.’ टेबलाखाली त्याचे पाय एक सेकंदही स्थिर नव्हते, आणि बाहेर बाकावरही तो बसू शकत नव्हता, सारख्या येरझाऱ्या. ही तगमग औषधाची होती, आजाराची नव्हे. तिला अकॅथिसिया म्हणतात. मात्रा वाढली असती तर ती आणखी वाढली असती. मात्रा कमी केली आणि दहा दिवसांत पोरगा निवांत बसायला लागला. तेव्हापासून दर तपासणीत चालून दाखवणं, हात पुढे करून बोटं पसरणं आणि दोन मिनिटं उभं राहणं हे आम्ही ठरवूनच टाकलं.

जोडणी

नेटचा वेग दुपारी मोजून उपयोग नाही, ज्या वारी आणि ज्या वेळी सत्र असेल तेव्हाच मोजा, तेही सलग तीन आठवडे. डाउनलोडपेक्षा अपलोड बघा, कारण तज्ज्ञांना दिसणारं चित्र तुमच्या अपलोडवर चालतं. दोन्ही दिशांना सेकंदाला एक-दोन मेगाबिट स्थिर मिळाले तर काम उत्तम चालतं. ३८४ किलोबिटवरही निभतं, पण थरथर आणि डोळ्यांतलं पाणी दिसेलच असं नाही. वायफायपेक्षा तार लावा.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. चित्र अडकलं तर दोन्हीकडचा व्हिडिओ बंद करून आवाजावर चालू ठेवायचं; तेही तुटलं तर साध्या फोनवर, आणि फोन कोण कुणाला लावणार हे आधी ठरलेलं. नाहीतर दोघंही एकमेकांना लावत बसतात. वीज जाते तिथे राउटरलाही बॅटरी हवी. लॅपटॉप चालू आणि राउटर बंद, हे मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिलंय.

अॅप निवडताना संपूर्ण संभाषण कूटबद्ध होतं का आणि ध्वनिमुद्रण बंद करता येतं का, हे बघा. कर्मचाऱ्याच्या खासगी फोनवरून रुग्णाची माहिती, चिठ्ठ्या, फोटो पाठवू नका. घरी तोच फोन मुलांच्या हातात असतो.

रुग्ण शोधायचे कसे

उपचाराची सोय झाल्याशिवाय चाळणी सुरू करू नका. प्रश्नावली भरून घेतली आणि मरणाच्या विचारांच्या प्रश्नावर कुणी ‘रोज’ अशी खूण केली, तर त्याच दिवशी त्याच्याशी बोलणारं कुणी हवं.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ वापरतात. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. ५, १०, १५ आणि २० या पायऱ्यांवर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र असं वाचलं जातं. १० किंवा अधिक असतील तर सविस्तर तपासणी. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर शून्याहून वेगळं असेल तर एकूण गुण कितीही असोत, त्याच बैठकीत पुढे विचारायचं. चिंतेसाठी जीएडी-७, गुण ० ते २१. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची यादी, तिथे ८ किंवा अधिक गुण असतील तर लक्ष द्यायचं. स्थानिक भाषेतलं तपासून प्रमाणित केलेलं भाषांतरच घ्या. आपण घाईने केलेल्या भाषांतरात ‘निराश’ आणि ‘नाराज’ यांची गल्लत होते आणि गुणांना अर्थ उरत नाही.

लोक ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत येत नाहीत. छातीत धडधड, डोक्यात मुंग्या, अंगात त्राण नाही, भूक मेली, झोप नाही, असं म्हणत येतात. झिम्बाब्वेत शोना भाषेत यासाठी ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे, म्हणजे फार विचार करणं. तिथल्या आरोग्यसेवकांनी तोच शब्द धरून संवाद सुरू केला. तुमच्या भागातला असा शब्द शोधून काढा आणि प्रश्न तिथून सुरू करा.

आणि शरीर विसरू नका. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, मधुमेह, दुसऱ्या आजाराची औषधं, यांतलं काहीही नैराश्याचा मुखवटा घालून येऊ शकतं. तज्ज्ञांपर्यंत पोचण्याआधी हे तपासून घेणं दवाखान्याचं काम.

सत्राचा दिवस

रुग्ण अर्धा तास आधी येतो. वजन, रक्तदाब, प्रश्नावली, आणि घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी टेबलावर रिकामी. नुसत्या चिठ्ठ्या पाहू नका, गोळ्या मोजा. चिठ्ठीतल्या महिनाभराच्या गोळ्या अजून तशाच असतील तर ते आत्ताच कळायला हवं.

कॉल सुरू झाला की तज्ज्ञ स्वतःची ओळख देतात आणि त्यांच्या खोलीत आणखी कोणी नाही हे कॅमेरा फिरवून दाखवतात. मग इकडून खोलीत कोण-कोण आहे ते सांगायचं, रुग्णाचं नाव आणि पत्ता पक्का करायचा आणि कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर बोलायचं ते ठरवायचं. संमती घेताना हेही सांगा की माहिती गुप्त राहील, मात्र जिवाला धोका वाटला तर मदतीसाठी सांगावी लागेल.

नातेवाइकांचं ऐकून घ्यायलाच हवं, पण दर सत्रात काही मिनिटं रुग्ण एकटा हवा. सासू, नवरा, बाप, मुलगा, कुणीही असो, ‘थोडा वेळ बाहेर बसा, सगळ्यांनाच बसवतो’ असं नेहमीचा नियम म्हणून सांगायचं. एखाद्याच वेळी बाहेर काढलं तर संशय येतो. दुभाषा लागला तर तो घरचा माणूस नको.

शेवटी रुग्णालाच विचारा, ‘आता घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, मला सांगा बरं.’ तो जे सांगेल त्यात चूक निघाली तर समजावण्यात आपण कमी पडलो असं समजून पुन्हा सांगायचं. रुग्ण बाहेर गेल्यावर तज्ज्ञ आणि समन्वयक यांची पाच मिनिटं: निदान काय, औषध काय, पुढचा फोन कधी, काय दिसलं तर लगेच कळवायचं. हीच पाच मिनिटं सर्वांत आधी कापली जातात, आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात.

औषधं

तज्ज्ञ लिहितील ते गावात मिळायला हवं. म्हणून दोघांनी मिळून छोटी यादी करा, दहा-बाराच औषधं, पण कधीही न संपणारी. फ्लुऑक्सेटिनसारखं नैराश्याचं औषध, भासांसाठी रिस्पेरिडोन आणि हॅलोपेरिडॉल, मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांसाठी लिथियम, फिटच्या औषधांपैकी एक-दोन. हॅलोपेरिडॉल ठेवणार असाल तर त्याने मान पिळवटली, डोळे वर फिरले तर द्यायचं उताऱ्याचं इंजेक्शन आधी कपाटात हवं, आणि ते कुठे आहे हे रात्रपाळीच्या नर्सला माहीत हवं.

नैराश्याच्या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. ‘आधी त्रास, मग आराम’ हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर पाचव्या दिवशी गोळ्या बंद होतात. म्हणून समन्वयकाचा पहिला फोन आठवड्याच्या आत. बरं वाटल्यावरही औषध नऊ ते बारा महिने चालू ठेवायचं असतं आणि मग हळूहळू कमी करायचं.

लिथियमची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी मोजतात. मूत्रपिंड आणि थायरॉइडही अधूनमधून तपासावं लागतं. जुलाब, उन्हातलं काम, अंगदुखीच्या काही गोळ्या, यांनी ती पातळी धोकादायक वाढते. रक्ततपासणीची सोय दोन तासांच्या अंतरात नसेल तर लिथियम सुरू करण्याआधी तज्ज्ञांशी दोनदा बोला. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधामुळे गर्भाला गंभीर अपाय होतो, मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते टाळावं. ओलँझापिन या भासांवरच्या औषधाने वजन आणि साखर वाढते, तेव्हा वजन, रक्तदाब, साखर आणि चरबी सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. आत्महत्येचा धोका असलेल्याला एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या द्या आणि त्या घरातल्या विश्वासू माणसाच्या हाती.

छोट्या जागेतली गुप्तता

लहान वस्तीत प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. दारावर ‘मानसोपचार’ असा फलक आणि त्यासाठी वेगळा वार ठेवला की त्या वारी दवाखान्यात दिसलेल्या माणसावर शिक्का बसतो. रांग एकच ठेवा, खोलीला नुसता क्रमांक द्या, फोनवर ‘दवाखान्यातून बोलतेय, तपासणीची तारीख आहे’ एवढंच म्हणा. समन्वयकाच्या नात्यातलं किंवा शेजारचं कुणी आलं तर ती बाजूला होईल आणि दुसरी नर्स बसेल, हेही सुरुवातीलाच ठरवा.

समन्वयकाचीही काळजी घ्यायला हवी. ती दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकते आणि संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जाते. महिन्यातून एकदा तज्ज्ञांनी रुग्णांचा विषय बाजूला ठेवून फक्त तिच्याशी बोलावं, ही अट आम्ही करारातच घातली.

तीन महिन्यांनी, आणि डॉक्टर बदलतात तेव्हा

तीन महिन्यांनी मोजके आकडे काढा. किती जण पहिल्या भेटीनंतर परत आले? आठ ते बारा आठवड्यांत किती जणांचे गुण निम्म्यावर आले? ज्यांचे आले नाहीत त्यांच्या उपचारात काही बदल केला की तेच चालू राहिलं? पाठपुराव्याचा फोन वेळेत किती जणांना गेला? पहिला आकडा कमी असेल तर चूक बहुधा खोलीत, रांगेत किंवा पहिल्या भेटीच्या वागणुकीत असते. न आलेल्या दोघा-चौघांना समन्वयकाने शांतपणे विचारलं तर उत्तर मिळतं.

कधी ना कधी तज्ज्ञ बदलतील. त्याची सूचना किमान दोन महिने आधी मिळेल असं करारात ठेवा. चालू रुग्णांचं एक-एक पान दोघांनी मिळून लिहायचं: काय झालं होतं, कुठलं औषध लागू पडलं, कुठलं नाही, कोणत्या महिन्यांत त्रास वाढतो. आणि ज्यांचा धोका जास्त आहे त्यांच्यासाठी एक सत्र असं, ज्यात जुने आणि नवे असे दोन्ही डॉक्टर पडद्यावर असतात आणि समन्वयक नेहमीप्रमाणे शेजारच्या खुर्चीवर. जुन्या डॉक्टरांनी रुग्णासमोरच नव्यांना सांगायचं, ‘हे आत्तापर्यंत इतकं सोसून इथवर आलेत.’ मग ते कॉलवरून निघून जातात आणि नवे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात.